कोट उसवल्यानंतर

कोटवाला हरला त्याला आता सात दिवस होत आले होते, आणि शहरात जो तो एकमेकांना सांगत होता की शेवट गोड झाला.

सांगणाऱ्यांचं काही चुकत नव्हतं. तीन वर्षं तो माणूस लोकांच्या सावल्या कापून नेत होता आणि त्यांचा स्वतःसाठी कोट शिवत होता. सावली गेलेल्या माणसाला दुखतखुपत काही नाही. फक्त आधी दुकानांची आपोआप उघडणारी दारं त्याच्यासाठी उघडेनाशी होतात, मग बस थांबत नाही, मग रांगेत लोक त्याच्या पुढे येऊन उभे राहतात, आणि हे होतच असतं म्हणून तो तक्रारही करत नाही. शेवटी घरचे त्याला विसरतात. तीन वर्षं शहराने मारामाऱ्या केल्या, बोगदे शोधले, दोनदा चुकीच्या माणसाला पकडलं. मग एका संध्याकाळी पाण्याच्या उंच टाकीवर एका लेडीज टेलरने मागून जाऊन, कॉलरपासून खालच्या काठापर्यंत, एकाच दमात त्याचा कोट उभा कापला. आतून मध्यम उंचीचा, थोडं पोट सुटलेला माणूस निघाला. त्याला थंडी वाजत होती. लोकांनी टाळ्या वाजवल्या.

त्या टेलरला सगळे कात्री म्हणत. लहानपणापासूनच म्हणत, त्याच्याशी त्या पराक्रमाचा काही संबंध नव्हता, ती बोलायचीच तशी.

बाकीच्यांसाठी गोष्ट टाकीवर संपली. शिंपीकामात मात्र कोट फाडला म्हणजे काम सुरू झालं. कोटात चारशे बारा सावल्या होत्या, एकीला एक जोडलेल्या, बारीक टाक्याने. (टाका सुंदर होता. कात्रीने हे कुणाला सांगितलं नाही.) आतल्या बाजूला, जिथे धुण्याच्या सूचनांची पट्टी असते, तिथे खरोखरच एक पट्टी होती. त्यावर लिहिलं होतं: 'पिळू नये. कडक इस्त्री नको. कोट फाटल्यास सातव्या सूर्यास्ताला ज्याच्या पायाशी सावली नसेल, तो नसेल.'

म्हणून सहा दिवस कात्री उसवत होती. तिच्यासोबत वायरमन होता. टाकीवर सर्चलाइट त्यानेच धरला होता, आणि आता तो दुकानाच्या दारात रांगेला टोकन देत होता. माणूस यायचा, हात वर करायचा, जी सावली हात वर करेल ती त्याची. कात्री ती त्याच्या टाचांना शिवून द्यायची. पुढचा.

आणि कोपऱ्यातल्या स्टुलावर आत्या बसलेली होती.

कात्रीचे आईवडील ती चार वर्षांची असताना गेले. तिला वाढवलं आत्याने, शिवण शिकवलं आत्याने, आणि तिच्या शिवणात चुका काढल्या त्याही आत्यानेच. आत्याची सावली आठ महिन्यांपूर्वी गेली होती. पहिल्याच दिवशी कात्री म्हणाली होती, "आत्या, आधी तुझी काढते."

"आणि बाहेर रांग लागलीये ती?"

"थांबतील की."

"गिऱ्हाईक आधी, घरचं नंतर. माझ्या लग्नाच्या ब्लाउजला मी लग्नाच्या सकाळी हातशिलाई केली होती. मला कसली घाई? मी काय पळून चाललेय?"

ती पळून चालली नव्हती, हे खरं. ती विरत चालली होती. सातव्या दिवशी सकाळी कात्रीने घराला बाहेरून कुलूप लावलं आणि अर्ध्या रस्त्यात ती थांबली. गॅस? बंद केला होता. इस्त्री? बंद. मग काय राहिलं? परत जाऊन कुलूप काढलं तर आत्या दाराच्या आत पर्स घेऊन उभी. "झालं का आठवून?" आत्या म्हणाली. त्यानंतर कात्रीने तळहातावर पेनने लिहून ठेवलं, 'आत्या, स्टुलावर'. दुपारी तिने तो हात पाहिला तेव्हा तिला ते कुणाच्या तरी ऑर्डरचं वाटलं. स्टुलावर कुठल्या कापडाचं काय ठेवलंय, हे तिने दोनदा जाऊन पाहिलं. तिसऱ्यांदा आत्या दिसली.

तीन वाजून वीस मिनिटांनी चारशे अकरावा माणूस आपली सावली ओढत आनंदाने घरी गेला. वायरमनने टोकनांचा डबा बंद केला. "झालं! हत्ती गेला, शेपूट राहिलं. आता आत्यांची काढ."

कात्रीने टेबलावर पाहिलं. टेबलावर दोऱ्याचा ढीग होता आणि सूचनांची पट्टी होती. बाकी काही नव्हतं.

तिने ढीग उलटा केला. टेबलाखाली पाहिलं. वायरमनने फ्रिज उघडून पाहिला.

"फ्रिजमध्ये कशी असेल?"

"नसेल. पण बघितलं नाही असं नको."

कोट उसवायला घेण्याआधी कात्रीने कागदावर त्याचा नकाशा काढला होता, आणि सावली परत गेली की त्या जागी ती नाव लिहायची. तिने तो उलगडला. बाह्यांवर बोट फिरवलं, खिशांवर फिरवलं, मग पाठीवर आणलं आणि बोट तिथेच थांबलं. पाठीचा मधला तुकडा, बिननावाचा. कॉलरपासून खालच्या काठापर्यंत.

"काय झालं?" वायरमनने विचारलं.

"मी कापली."

"काय?"

"टाकीवर. मी जिथून कोट कापला ना, ती आत्या होती."

दोघांनी स्टुलाकडे पाहिलं. स्टूल काही बोललं नाही.

"पण कापली तर दोन तुकडे असतील," वायरमन म्हणाला. तो तारा जोडणारा माणूस होता, दोन तुकडे म्हटलं की त्याला धीर यायचा. "कुठे आहेत ते?"

ते कुठे आहेत हे कात्रीला आता पुरतं कळलं होतं. तुकडे दोन नव्हते. कापल्यावर कोटवाल्याने जी ओढाताण केली, तीत चिंध्या झाल्या होत्या. आणि चिंध्यांचं कुठलाही शिंपी जे करतो तेच तिने, न बघता, केलं होतं. कातरणाच्या पिशवीत टाकल्या होत्या. तिसऱ्या दिवशी काही सावल्या कसर लागलेल्या निघाल्या. कुणाचं कोपर खाल्लेलं, कुणाच्या गुडघ्याला भोक. तेव्हा तिने पिशवीत हात घातला, आणि हाताला लागलं ते काळं कापड इतकं मऊ होतं, कुठल्याही सावलीशी इतकं जुळवून घेणारं होतं, की तिला कौतुक वाटलं होतं. अकरा जणांना तिने त्याची ठिगळं लावून दिली होती. पिशवी संपली होती.

"म्हणजे," कोपऱ्यातून आवाज आला, "वाया नाही गेले मी."

"आत्या, गप्प बस!" कात्री ओरडली, आणि लगेच म्हणाली, "नाही, नाही, बोलत राहा. बोलत राहा तू."

"नक्की कर एक काय ते."

ठिगळांची वही होती. त्यात अकरा जण होते. वायरमन फोनवर बसला, आणि ज्यांनी फोन उचलला नाही त्यांच्याकडे स्कूटर घेऊन गेला. पावणेपाचपर्यंत सगळे दुकानात हजर होते: पोस्टमन, दंतवैद्य, बसचा कंडक्टर, शाळेच्या मुख्याध्यापिका, जुळ्या बहिणी, चार साधी माणसं जी आली तशी भिंतीला टेकून उभी राहिली, आणि एक कुत्रा, ज्याच्या सावलीच्या डाव्या कानाला ठिगळ होतं. सूर्यास्त सहा अडतीसला होता.

सगळी हकिकत ऐकून घेतल्यावर मुख्याध्यापिकांनी चष्मा पुसला. "म्हणजे चूक तुमची, आणि शिक्षा आम्हाला?"

"शिक्षा नाही, बाई. ठिगळ काढून घेते. मग दुसरं लावून देते."

"कशाचं?"

कात्रीने कातरणाची रिकामी पिशवी उलटी केली.

पोस्टमन भला माणूस होता. त्याने उजवं कोपर पुढे केलं. "माझ्यापासून सुरू करा. पत्रं मी डाव्या हातानेही टाकतो."

कात्रीने टाका उसवला. ठिगळ सुटलं आणि पोस्टमन म्हणाला, "अरे." त्याचा हात खांद्याकडून थोडा होता आणि मनगटाकडून थोडा होता, मधलं काय होतं ते कुणालाच आठवेना. दंतवैद्य म्हणाला की तिथे काहीतरी सांधा असतो, त्याने तो कॉलेजात पाठ केला होता. भोक वाढत मनगटाकडे निघालं. कात्रीने घामेजल्या बोटांनी ठिगळ परत बसवलं, दुहेरी टीप मारली. कोपर आलं. पोस्टमनने ते तीन-चार वेळा वाकवून पाहिलं, "पण मी तयार होतो हां," असं म्हणाला, आणि जाऊन सगळ्यांच्या मागे उभा राहिला.

सव्वापाच वाजले.

"माझी घे," वायरमन हळूच म्हणाला. "अर्धी. मला काय, मी नाहीतरी माळ्यावर नाहीतर खांबावर असतो. कोण बघतं?"

"अर्ध्याने तुला अर्धं विसरू आम्ही."

"चालेल तुला?"

"दुकानाचं वायरिंग कोण बघेल?" कात्री म्हणाली, आणि तिचं नाक लाल झालं. पाय थकले म्हणून वायरमन कोपऱ्यातल्या रिकाम्या स्टुलावर बसला.

"अरे मेल्या, माझ्या मांडीवर बसलास!"

"सॉरी, सॉरी!" तो ताडकन उठला, आणि मग त्याचा चेहरा पडला. "कोण बोललं आत्ता?"

कात्री दारात पळाली. आता कुणीतरी जाणार आहे हे तिला कळत होतं, पण कोण, हे दर दोन मिनिटांनी हातातून निसटत होतं. तळहातावरची शाई घामाने पुसली होती. बाहेर ती अकरा जणं फुटपाथवर येऊन उभी होती, अंत्यविधीला लवकर आलेल्या लोकांसारखी, कुठे बघावं ते न कळून. ऊन पार खाली आलं होतं. त्यांच्या सावल्या रस्ता ओलांडून समोरच्या इमारतीवर चढल्या होत्या. कंडक्टर साडेचार फुटांचा, पण त्याचं डोकं तिथे पहिल्या मजल्याच्या खिडकीत होतं. दंतवैद्याचं थेट गच्चीत. कुत्र्याचा तर घोडा झाला होता.

कात्रीने ते पाहिलं, आणि इतक्या घाबरलेल्या अवस्थेतही तिच्या डोक्यात शिंप्याचाच विचार आला: केवढं कापड वाया चाललंय हे.

"हलू नका!" ती किंचाळली. "कुणीही हलू नका! वायरमन, मोठी कात्री!"

"अहो, काय करताय?" दंतवैद्याने विचारलं.

"तुमच्या मापापेक्षा किती जास्त आहे बघा ते. दुपारी नसतं हे. सकाळी दहाला नसतं. मला वरचं वरचं द्या. प्रत्येकी हात-दीड हात."

"डोकं कापणार?" मुख्याध्यापिका म्हणाल्या.

"डोकं नाही, बाई. डोकं जिथे संपतं तिथली लांबी."

"परिणाम काय होईल?"

"संध्याकाळी तुमची सावली थोडी आखूड पडेल."

"म्हणजे मी बुटका दिसेन," दंतवैद्य म्हणाला.

"संध्याकाळीच."

"मला संध्याकाळीच लोक भेटतात."

"ओ डॉक्टर," कंडक्टर म्हणाला, "मी आहे तेवढ्यात सकाळ-संध्याकाळ भागवतो. द्या हो दीड हात. काय गच्चीवर वाळत घालायचंय का?"

कुत्र्याने काहीच विचारलं नाही. तो स्थिर उभा राहिला आणि शेपटीचं टोक देऊन मोकळा झाला. त्यानंतर दंतवैद्याला नाही म्हणणं अवघड गेलं.

वायरमनने शिडी लावली. कात्रीने समोरच्या भिंतीवरून तुकडे उतरवले, रस्त्यावरून उचलले. सहा वाजून दोन मिनिटांनी बारा तुकडे टेबलावर होते (एका जुळ्या बहिणीने दोन दिले होते आणि दुसरीला तोंडावर ऐकवलंही होतं). मग कात्रीने टेप घेतली, वळली, आणि टेप हातात तशीच राहिली.

कुणाचं माप घ्यायचं होतं?

दुकानात वायरमन होता. अकरा जण खिडकीशी होते. सगळे तिच्याकडे बघत होते आणि प्रत्येकाच्या तोंडावर तेच होतं: आपण सगळे इथे कशासाठी जमलोय? मुख्याध्यापिका हळूच घड्याळ बघून जायला वळल्यासुद्धा.

"खांदा साडेचौदा," कुणीतरी म्हणालं. "लिही."

कात्रीने लिहिलं.

"उंची पाच फूट एक. पूर्वी दोन होती. कंबर विचारू नकोस, सैल ठेव. आणि माया जास्त सोड, मागून वाढवावं लागतंच."

आवाज कुठून येतोय ते कळत नव्हतं, पण त्याच्याशी वाद घालायचा नसतो एवढं कात्रीच्या हातांना माहीत होतं. तिने बेतलं, कापलं, मशीनवर घेतलं. कंडक्टरच्या तुकड्याचा डावा हात झाला, मुख्याध्यापिकांच्या तुकड्याची पाठ, पोस्टमनचे पाय. सुई चालत होती आणि तिचा जीव सुईच्या टोकावर होता. मध्येच पाय थांबायचे. हे मी काय शिवतेय? ऑर्डर कुणाची?

"टीप घाल."

"पण कुणासाठी—"

"विचार नको करूस. तुला विचार केला की टीप वाकडी येते. घाल."

सहा एकतीस. वायरमन दारात उभा राहून सूर्य किती उरला ते ओरडत होता. अर्धा. पाव. कात्री सुईदोरा घेऊन स्टुलापुढे गुडघ्यावर बसली. समोर काहीही नव्हतं. तिने मोकळ्या हवेला सांगितलं, "डावा पाय पुढे."

हाताला टाच लागली. तळव्याला भेगा होत्या. तिने शिवायला घेतलं. अकरा टाके, गाठ, दोरा दाताने तोडला. "उजवा." तीन टाके झाले, चौथा कच्चाच पडला, आणि वायरमन म्हणाला, "गेला."

दुकानात संधिप्रकाश होता. कात्री डोळे मिटून, दोरा हातात धरून बसून राहिली. डोळे उघडल्यावर तिथे कुणी नसलं, तर कुणी नाही याचं तिला वाईटही वाटणार नव्हतं, आणि ती सगळ्यात मोठी भीती होती.

वायरमनने ट्यूबलाइट लावली.

"ही कसली सावली?" आत्या म्हणाली. ती स्टुलावर बसलेली होती, पाच फूट एक इंच, पर्ससकट, आणि भिंतीकडे बघत होती. भिंतीवर तिची सावली होती. बारा तुकड्यांचे सांधे स्पष्ट दिसत होते. आत्याने हात हलवला. सावलीने क्षणभर थांबून, विचार करून, हात हलवला. डाव्या हाताने मात्र तिकीट फाडल्यासारखं काहीतरी केलं. कुत्र्याचा तुकडा कुठे लागला होता ते कुणी विचारलं नाही, पण आत्या खूश झाली की कमरेच्या मागे थोडीशी हालचाल व्हायची, आणि ती आत्ता होत होती.

कात्री तिच्या मांडीत डोकं खुपसून रडली. "उजव्या टाचेला कच्चं आहे," आत्या तिच्या केसांतून हात फिरवत म्हणाली. "दिसतंय मला. उद्या पक्कं कर."

उद्या पक्कं झालं नाही. सातव्या सूर्यास्तानंतर तिथे सुई जात नव्हती. शिवाय आणखी एक गोष्ट ध्यानात आली. कापड संध्याकाळचं होतं. संध्याकाळच्या कापडाला दुपार सोसत नाही, ते आटतं.

दुसऱ्या दिवशी बारा वाजून वीस मिनिटांनी दोघी दुकानाच्या दारात उन्हात उभ्या होत्या आणि कात्री त्या सावलीकडे एकटक बघत होती. सावली रुमालाएवढी झाली, मग बटणाएवढी, मग उरलीच नाही. कात्रीचं काळीज धडधडत होतं. मग ते कशामुळे धडधडतंय ते तिला कळेना. दारात एक किरकोळ बांध्याच्या बाई उभ्या होत्या.

"या ना, काकू. उन्हात का उभ्या? काय शिवायचंय?"

बाई आत आल्या. टांगलेला ब्लाउज त्यांनी उलटा करून पाहिला. "ही बाही कुणी लावली?"

"मीच लावलीये. चुकलं का काही?"

"खांद्याला ओढतेय."

"तुम्ही म्हणाल तशी उसवते. बसा ना तुम्ही. पाणी आणू?"

बाई स्टुलावर बसल्या, वर्षानुवर्षं बसत असल्यासारख्या. कात्रीने इस्त्री बंद आहे का ते पाहिलं. किल्ल्या चाचपल्या. कात्र्या मोजल्या, तीनच्या तीन होत्या. कुठेतरी कुणीतरी आपली वाट बघतंय, आणि आपण भलतीकडेच आहोत, असं तिला सारखं वाटत होतं.

"काही हरवलंय का गं?"

"तेच कळत नाहीये, काकू. पण हरवलंय खरं."

"किती वाजले?"

"बारा तेहेतीस."

"मग दोन मिनिटं थांब. ऊन कलू दे."

कात्री थांबली. का थांबली ते तिला माहीत नव्हतं. बाहेर ऊन किंचित कललं. स्टुलाच्या पायाशी एक काळा ठिपका आला, बटणाएवढा, मग रुमालाएवढा.

"आत्या!"

"पाणी कुठाय?" आत्या म्हणाली. "मघाशी इतकं गोड विचारलंस. आणि काकू, काकू, बसा ना तुम्ही. पंचवीस वर्षांत पहिल्यांदा धड बोललीस माझ्याशी."

कात्री मटकन खाली बसली. हे रोज होणार होतं. रोज दुपारी पंधरा मिनिटं, हिवाळ्यात कदाचित कमी, उन्हाळ्यात जास्त. "आणि एखाद्या दिवशी बारा पस्तीसला ती आलीच नाही तर?"

आत्याने विचार केला. भिंतीवर तिच्या सावलीनेही केला, थोड्या उशिराने.

"तर मी अशीच दारातून येईन, आणि तू मला पाणी विचारशील. विचारशील ना?"

"विचारीन."

"मग झालं तर. आता तो खांदा उसव."